‘बायोमेडिकल म्हणजे यंत्रदुरुस्ती’ या संदेशाला उत्तर

नाशिकमधल्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: बायोमेडिकल म्हणजे रुग्णालयातली यंत्रदुरुस्ती, त्यात एम.टेक. करणे म्हणजे दोन वर्षे वाया, इतर शाखांना तिथे प्रवेश नाही आणि नोकरी हवी तर परदेश गाठावा. मी मुंबई नाक्याजवळच्या एका रुग्णालयात बायोमेडिकल अभियंता म्हणून वैद्यकीय उपकरणांचेच काम करतो, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे.

दुरुस्ती हा आमच्या कामाचा एक भाग आहे, हे खरे. परंतु डिफिब्रिलेटर (हृदयाची लय बिघडल्यावर छातीवर विजेचा झटका देणारे यंत्र) तपासताना मी त्याचे पॅडल्स ऊर्जा मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरवर दाबून २०० ज्यूलचा झटका देतो, तेव्हा छातीच्या जागी धरलेल्या ५० ओहमच्या रोधापर्यंत प्रत्यक्षात किती ऊर्जा पोहोचली, एवढेच मला पाहायचे असते. दिवे लागतात, आवाज येतो, यंत्र वरकरणी ठणठणीत असते. तरीही तो आकडा मर्यादेबाहेर गेला, तर ते यंत्र अतिदक्षता विभागात परत जात नाही. त्या आकड्याचा रुग्णाच्या हृदयावर काय परिणाम होईल हे कळायला सर्किटइतकेच शरीरक्रियाशास्त्र यावे लागते.

एम.टेक.ची दोन वर्षे वाया जातात, हा मुद्दा तर आता मुळीच टिकत नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू झाल्यावर परवान्याची सक्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि ऑक्टोबर २०२३ पासून अधिक जोखमीच्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गातल्या उपकरणांनाही परवाना बंधनकारक झाला. त्यामुळे जोखमीचे विश्लेषण, चाचण्यांचे पुरावे आणि गुणवत्तेची कागदपत्रे तयार करू शकणारी माणसे कंपन्यांना लागतात, आणि हे काम पदवीच्या अभ्यासक्रमात जेमतेम शिकवले जाते.

प्रवेशाबद्दलचे विधान सरळ चुकीचे आहे. एम.टेक. प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकलचे विद्यार्थीही या विषयाकडे वळतात.

राहिला परदेशाचा मुद्दा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतात घडवलेली हृदयाची झडप १९९० मध्येच रुग्णाला बसवली गेली; म्हणजे असे काम भारतातही होते. मात्र उपकरणांच्या डिझाइनचे काम आज नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये फारसे मिळत नाही, त्यासाठी पुणे, मुंबई किंवा बंगळूरुला जावे लागते, हे मुलांना आधीच सांगायला हवे. एम.टेक. निवडताना पहिली चौकशी करायची ती रुग्णालयात प्रत्यक्ष किती महिने काम करायला मिळते याची. आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज (सीएमसी) आणि श्री चित्रा यांचा क्लिनिकल इंजिनिअरिंगचा संयुक्त अभ्यासक्रम त्याच पायावर उभा आहे.