ताक नाही का जी?

आज दुपारी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला एक वयस्कर गृहस्थ आले होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. माझ्या मुलाने फ्रिजमधून थंड पेयाची बाटली काढून पुढे केली, तेव्हा त्यांनी संकोचत विचारले, "ताक नाही का जी?" नव्हते. नागपुरात, ऐन मे महिन्यात, माझ्या घरात ताक नव्हते, आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही.

मी चौथीत असताना नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजी उन्हाळाभर आंबील करीत असे. रात्री ज्वारीचे पीठ ताकात भिजवायचे, सकाळी ते आंबलेले पीठ उकळत्या पाण्यात सोडून गुठळ्या होऊ न देता ढवळायचे आणि निवल्यावर त्यात ठेचलेला लसूण, जिरे व मीठ घालायचे. एकदा धंतोलीतली मैत्रीण आली, तिने आंबिलीच्या गडव्याकडे पाहून नाक मुरडले आणि मी चटकन म्हणाले, "ते आमचं नाही, गड्यासाठी आहे." आजी दारातच उभी होती.

आंबील आपण लाजेपायी सोडली, असे माझे स्पष्ट मत आहे. मंगोलियातले लोक घोडीचे दूध कातडी पिशवीत पाचशेहून अधिक वेळा घुसळून आंबवतात. त्या ऐरागच्या कृतीला २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. पॅराग्वेमध्ये कुटलेल्या वनस्पती घातलेले गार पाण्याचे तेरेरे पितात, त्यालाही पुढच्याच वर्षी तो मान मिळाला. त्यांना कुठे लाज वाटली? आणि आपण २०२३ साली, संयुक्त राष्ट्रांच्या भरडधान्य वर्षात, ज्वारीच्या बिस्किटांचे पुडे आणून कृतकृत्य झालो! ज्या धान्यावर आपल्या चार पिढ्या उन्हात राबल्या, ते पेल्यात आले की गरिबीचे आणि चकचकीत पुड्यात आले की आरोग्याचे, हा कुठला न्याय?

मान्य आहे, रात्री पीठ भिजवणारी आणि पहाटे चुलीपुढे उभी राहणारी बाईच असे, आणि आजीला तिच्या इच्छेबद्दल कधी कोणी विचारले नव्हते. तरी रागावून लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा तीच दुपार येते. आजी मला काहीच बोलली नाही. ती ओसरीवर येऊन बसली, तोच गडवा उचलला आणि माझ्या मैत्रिणीसमोर सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मिशीसारखी उमटलेली पांढरी रेघ तिने पदराने पुसली. मी जमिनीकडे पाहत राहिले.

ते गृहस्थ उद्या कूलरचा पंप बसवायला पुन्हा येणार आहेत. दही आणून ताक केले, पण त्यात पीठ किती घ्यावे ते आठवेना, म्हणून संध्याकाळी उमरेडच्या मावशीला फोन केला. आंबिलीचे नाव काढताच तिने काळजीने विचारले, "कोन बिमार आहे व घरात?"