पान्याचं ऐकता, माझं नाही!

खंबाटकी घाट चढताना गाडीचा पाण्याचा पाइप फुटला, तापमानाचा काटा लाल रेघेत गेला आणि हेड गॅस्केट उडाली, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधली, पाणी-तेल वेगळं ठेवणारी पातळ पट्टी. मागून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली ताकाच्या रंगाची साय. गॅरेजवाल्याने "हेड उतरवावं लागेल, मग बघू काय काय निघतंय" असं म्हटलं. हे 'काय काय' नेहमी आपल्याच खिशातून निघतं. म्हणून नाना पेठेतून गॅस्केट आणली, हेड उतरवून लेथवाल्याकडून फेस, म्हणजे घासून सपाट, करून घेतलं आणि परवा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसवायला घेतलं.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका आले.

"हेड काढलंत?"

हेड समोर वर्तमानपत्रावर पडलं होतं. "हो."

"कशाला?"

"पाणी-तेल एक झालंय."

"पाण्यात तेल की तेलात पाणी?"

"तेलात पाणी."

"मग तसं सांगा ना!"

त्यांनी वॉचमनची खुर्ची ओढली. वरून चहा आला, एकच कप. "तुमचे हात बरबटलेत," म्हणाले आणि प्यायले. मग त्यांच्या जुन्या फियाटची गोष्ट निघाली. कित्येक वर्षं नंबर लावून मिळालेली. तिला असला रबरी बेल्ट नव्हता, चेन होती चेन! घाटात तापली की बॉनेट उघडायचं, शेजारी सतरंजी टाकून डबा खायचा, तोवर ती आपोआप शांत. कुणी हेड काढत नसे. जाता-येता थांबणाऱ्यांना ते मी काय करतोय ते समजावून सांगू लागले, तेही मला न विचारता आणि बरंचसं चुकीचं. इस्त्रीवाला मुलगा तर जाताना त्यांनाच नमस्कार करून गेला.

हेडचे बोल्ट आवळायचं एक शास्त्र आहे. मधल्यापासून सुरुवात करून बाहेर जायचं, तेही टप्प्याटप्प्याने. नाहीतर हेड वाकडं बसतं आणि नवी गॅस्केटही जाते. टॉर्क पाना ठरलेल्या जोराला 'कट्' बोलला की थांबायचं. मी कान लावून बसलो होतो आणि काका काठीने दाखवत होते, "आता हा कोपऱ्यातला घ्या."

"काका, क्रम असतो."

"हाताला अंदाज नसतो का? तो पाना काय बोलणार?"

पाना बोलला. मी थांबलो.

"पान्याचं ऐकता, माझं नाही!"

एक वाजता ते उठले. "चारपर्यंत ठोकाठोकी नको, लोक झोपतात." लोक म्हणजे ते. संध्याकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, तेव्हा बघायला वॉचमनसुद्धा नव्हता.

आज सकाळी फलकावर सूचना लागली: 'पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे. तेलाचे डाग संबंधितांनी स्वखर्चाने काढावेत.' खाली काकांची सही. लिफ्ट अधूनमधून बंद असते, टाकीवरून पाणी वाहत असतं, त्याबद्दल फलक कोरा. डाग मात्र लगेच दिसतो!

आणि डाग माझा नाहीच. माझं जुनं तेल दुधाळ होतं, नवं सोनेरी आहे. काळं तेल पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, काकांच्या स्कूटरखाली आहे. हे सगळं फोटोंसह लिहून मी रीतसर पत्र दिलं. सेक्रेटरी म्हणाले, आधी आवक वहीत नोंद करा.

आवक वही काकांकडे असते.