परदेशातून: चंदीगडची खुर्ची, डेट्रॉइटचं लोखंड आणि आमचं कपाट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोनचार महिन्यांनी एक फॉरवर्ड हमखास येतो, चंदीगडची जुनी खुर्ची परदेशात लिलावात लाखांना गेली म्हणून. यावेळी दादाने टाकला आणि खाली मला टॅग करून लिहिलं, "हे लोक आपलं लुटून नेतात आणि तू तिकडे त्यांचं भंगार पैसे मोजून घरात आणतोस." त्यावर सगळ्यांचे हसणारे चेहरे, आमच्या हिचा पण.

भंगार म्हणजे काय तर मी डेट्रॉइटच्या बाहेर राहतो आणि गेली सहासात वर्षं 1950-60 च्या काळातल्या स्टीलच्या वस्तू गोळा करतोय. तारांच्या खुर्च्या, सळ्या वेल्ड करून केलेली भिंतीवरची शिल्पं, पत्र्याच्या शेडचे दिवे. मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात ते. वेड लागायला गाव पण तसंच मिळालं, गाडीने थोड्याच अंतरावर क्रॅनब्रूकची आर्ट अकादमी, जिथे हॅरी बर्टोया हा शिल्पकार 1937 ला शिकायला आला आणि मग तिथलंच धातूकामाचं वर्कशॉप सांभाळायला लागला. हा मूळचा इटलीतल्या खेड्यातला, पंधराव्या वर्षी डेट्रॉइटला आलेला, म्हणजे आमच्याच जातीचा, बाहेरून आलेला. युद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा दागिने करत बसला, आणि 1952 मध्ये नॉल या फर्निचर कंपनीने त्याची डायमंड चेअर बाजारात आणली, नुसत्या वाकवलेल्या तारांची जाळी, बसलं की आपण हवेत बसलोय असं वाटतं (उशी नसेल तर पाठीवर चौकटी उमटतात, हे कॅटलॉगमध्ये कोणी सांगत नाही). त्या खुर्चीच्या कडेवरून चार्ल्स आणि रे इम्स या डिझायनर जोडप्याच्या तारेच्या खुर्चीशी पेटंटचा वाद झाला, मग कडेच्या दोन बारीक तारा जाऊन एक जाड तार आली, आणि आज आम्ही वेडे लोक जुनी खुर्ची दिसली की वाकून आधी कडच बघतो.

आता दादाचा मुद्दा. तो अगदीच चुकीचा नाहीये. चंदीगड उभं राहताना पिएर जानरे या स्विस आर्किटेक्टने तिथल्या ऑफिसांसाठी, कॉलेजांसाठी हजारो खुर्च्या-टेबलं डिझाइन केली, सोबत युली चौधरींसारखे आपल्याकडचेच आर्किटेक्ट होते, आणि पुढे तेच फर्निचर मोडकं झालं म्हणून सरकारी ऑफिसांनी ढिगाने लिलावात काढलं. भंगाराच्या भावाने गेलं ते परदेशी डीलर्सनी उचललं, साफ केलं, पॅरिस-न्यूयॉर्कला विकलं. त्या लिलावांत चोरी नाही, रीतसर पावत्या आहेत! 2011 ला केंद्राने ते विकायला बंदी घातली पण तोवर बरंचसं गेलं होतं. आणि आपला 1972 चा पुरावशेषांचा कायदा साधारण शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना धरतो, सत्तर वर्षांची खुर्ची त्यात बसतच नाही. ती सागवानी आणि वेताची, माझ्या स्टीलच्या नादाशी तिचा तसा संबंध नाही, पण भांडण तेच आहे.

फक्त दादाच्या बोलण्यात एक गृहीत असतं की तिकडचे लोक जपतात आणि आपण विकतो. इथे राहून मला हे अजिबात पटत नाही.

इथे वस्तू मिळतात त्या बहुतेक इस्टेट सेलमध्ये. म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं एखाद्या कंपनीला बोलावतात, ती प्रत्येक वस्तूला चिकटपट्टीने किंमत लावते, आणि शुक्रवारी सकाळी आमच्यासारखे लोक नंबर घेऊन दाराबाहेर उभे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला कसंतरीच झालं होतं, गेलेल्या माणसाच्या घरात बूट घालून शिरायचं, त्याच्या स्वयंपाकघरातले खण उघडायचे, कपाटात त्याचे शर्ट लटकतायत त्यांनाही किंमत. शेवटच्या दिवशी सगळं अर्ध्यावर येतं आणि जे उरतं ते दारासमोरच्या मोठ्या लोखंडी कचरापेटीत. एकदा मी त्या पेटीतून पितळी पानांचं भिंतीवरचं शिल्प काढलं आहे, दोन पानं तुटलेली, बाकी ठणठणीत. त्या शिल्पाच्या शेजारी चाळीस वर्षं राहिलेली माणसं असतील हो, पण मुलांना ते "आईचं ते टोचणारं काहीतरी" एवढंच होतं.

मोठ्या पातळीवरही तेच. न्यूयॉर्कला फिफ्थ अव्हेन्यूवरच्या एका बँकेच्या इमारतीत बर्टोयाने 1954 मध्ये सत्तर फूट लांबीचा धातूचा पडदा केला, इतकी वर्षं येणारे-जाणारे रस्त्यावरून काचेतून तो बघत होते. 2010 ला बँकेने जागा सोडली तेव्हा पडदा सुटा करून घेऊन गेली. बोंबाबोंब झाली, कोर्टबाजी झाली, मग तो परत आला. डेव्हिड स्मिथ या अमेरिकन शिल्पकाराची गोष्ट तर अजून वाईट. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात वेल्डर होता, आणि तसंच वेल्डिंग करून त्याने स्टीलची शिल्पं केली, शेवटच्या वर्षांत ती स्टेनलेस स्टीलची 'क्यूबी' मालिका, ज्यात पृष्ठभाग ग्राइंडरने असा घासलाय की उन्हात नुसता लखलखतो. 1965 ला अपघातात गेला. त्यानंतर त्याच्या इस्टेटीचे एक विश्वस्त होते क्लेमंट ग्रीनबर्ग, त्या काळचे सगळ्यात वजनदार समीक्षक, आणि त्यांच्या देखरेखीत काही शिल्पांवरचा रंग काढून टाकला गेला. 1974 ला ते बाहेर आलं आणि कलाजगतात हलकल्लोळ. म्हणजे भंगारवाला परवडला, तो निदान स्वतःला जाणकार म्हणवत नाही.

तेव्हा फरक जपण्यात नाही. मला इतक्या वर्षांत दिसलेला फरक एकच आहे, इथे कागद असतो. बर्टोया आपल्या शिल्पांवर सही करायचा नाही, त्यामुळे त्याच्या नावाने आलेली प्रत्येक सळ्यांची जुडी संशयित. मग लोक काय शोधतात तर गॅलरीची पावती, जुना फोटो, घरमालकाने मागे चिकटवलेली चिठ्ठी. लोहचुंबक खिशात ठेवतो मी, भरीव पितळ आहे की आतून लोखंड आणि वरून नुसता मुलामा ते लगेच कळतं, वेल्डचे थेंब बघतो, पण भाव ठरतो तो कागदावर. आणि कागदाची ताकद एवढी की माणूस नसला तरी चालतं. कर्टिस जेरे नावाच्या शिल्पकाराची भिंतीवरची धातूची झाडं, पक्ष्यांचे थवे इथे घराघरात आहेत, खाली झोकदार सही असते. असा माणूस कधी नव्हताच! कर्टिस फ्रायलर आणि जेरी फेल्स या दोघांनी आपापल्या नावाचे तुकडे जोडून तो तयार केला, कारखान्यात कामगार ती शिल्पं करायचे. पण सही आहे, साल आहे, म्हणून आज लोक ती शोधत फिरतात.

आणि आपल्याकडे? त्याच काळात आपल्याकडेही स्टीलचं जबरदस्त काम होत होतं, फक्त आपण त्याला डिझाइन म्हणत नाही. गोदरेजने 1923 पासून स्टीलची कपाटं केली, आणि 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीसाठी विक्रोळीला लाखांनी स्टीलच्या मतपेट्या तयार झाल्या, आतूनच बंद होणाऱ्या, वेगळं कुलूप नको अशा. लाखो लोकांनी पहिलं मत त्या पत्र्यात टाकलं, मला सांगा यापेक्षा मोठी मिड-सेंच्युरी वस्तू कुठली? ज्या इम्सच्या खुर्चीमागे मी फिरतो त्याच इम्स जोडप्याने 1958 ला भारत सरकारला अहवाल लिहिला, त्यात कौतुक कशाचं केलं तर लोट्याचं. त्यातून पुढे अहमदाबादला 1961 मध्ये एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था झाली. आपल्या घरात मात्र लोटा मोडीत आणि कपाट भंगारात.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणाला की मग तूच घेऊन जा सगळं. तसं करणारही नाही मी. इथे स्टील सांभाळणं सोपं नाही, उन्हाळ्यात बेसमेंटमध्ये दमट हवा, डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू, कोणी पाहुण्याने हात लावला की घामाच्या मिठाने तिथे आठवड्यात तांबूस बोटं उमटतात. मेण लावायचं, मऊ फडक्याने पुसायचं, पॉलिश चुकूनही नाही. आणि कॉर-टेन नावाचं ते गंजूनच टिकणारं स्टील, शिकागोतलं पिकासोने केलेलं शिल्प ज्याचं आहे ते, हौसेने त्याचा एक तुकडा घरात ठेवला होता, त्याने लाकडी फ्लोअरवर असा डाग दिला की अजून ऐकून घेतोय.

ग्रुपवर वाद संपला नाही, पण त्याच दिवशी कळलं की काकूकडचं हिरवं कपाट अजून आहे, विकायला काढलंय पण जिन्यावरून उतरत नाही म्हणून अडलंय. मी तिला फोन केला की आतल्या बाजूला काही लेबल असेल तर फोटो काढून पाठव, आणि कधी घेतलं तेही सांग.

"तुला हवंय का?"

"नको गं, नुसतं लिहून ठेवतो."

"अरे घ्यायचं नाही तर लिहून काय करणार? बरं लिही. अडुसष्ट साल. काकांना पहिला बोनस मिळाला तेव्हाचं. हातगाडीवरून आणलं, वाटेत पाऊस लागला. आणि हिरवा रंग तुझ्या आजीला अजिबात आवडला नव्हता, हे पण लिही."

लिहिलं.