शेषरावांच्या पेटीतलं हवामान

जानेवारीत मिनेसोटात बाहेर उणे 20 सेल्सिअस असतं, घरात जेमतेम 20, आणि मुलाच्या खोलीतल्या चार फुटी काचेच्या पेटीत श्रावणातली रत्नागिरी. तिन्ही हवामानांचं बिल मी भरतो. त्यातल्या एकमेव सुखाच्या हवामानात शेषराव राहतात.

शेषराव म्हणजे बॉल पायथन, अजगराच्या जातीचा साप. मुलाने त्यांचं नाव ‘नूडल’ ठेवलं होतं, पण ज्याच्यासाठी रोज इतकी सेवा करायची त्याला नूडल म्हणणं माझ्या जिवावर येतं. आणताना मुलगा म्हणाला होता, “बाबा, सगळं मी करणार, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही.” पुढे तो कॉलेजला गेला. तिथल्या वसतिगृहात साप चालत नाहीत. बाप चालतात, पण फक्त फी भरायला.

ही मंडळी मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, घाना-टोगो-बेनिनकडची. तिथे उंदरांच्या सोडून दिलेल्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दिवस काढायचा आणि रात्री शिकारीला निघायचं. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, अक्षरशः. इथे ते आयतं बीळ तयार ठेवणारा मी.

आता त्यांच्या अटी ऐका. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली 88 ते 92 फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबात 32 च्या आसपास. दुसऱ्या टोकाला 76 ते 80. आर्द्रता 60 टक्के, आणि कात टाकायच्या वेळी आणखी वर. सापाला अंगची ऊब नसते, म्हणून गरम वाटलं की इकडे आणि गार वाटलं की तिकडे सरकून तो आपलं भागवतो. त्यासाठी चार फुटांत उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही हजर पाहिजेत. माझ्या पहिल्या नोकरीत एसीच्या जागेवरून जी भांडणं व्हायची, ती इथे एकटा साप स्वतःशीच सोडवतो, हे मात्र मानलं पाहिजे.

खरी गोम पुढे आहे. हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद वाढते, त्यामुळे पाणी तेवढंच असलं तरी आर्द्रतेचा टक्का खाली येतो. बाहेरची उणे 20 ची हवा घरात घेऊन तापवली की ती इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. त्याच हवेत पेटीतला दिवा आणखी भर घालणार. म्हणून पाणी फवारायचं. फवारलं की पाणी उडताना ऊब घेऊन जातं आणि पारा उतरतो. पारा उतरला की थर्मोस्टॅट दिव्याला जोर देतो. दिव्याने जोर केला की टक्का घसरतो. तापमान आणि आर्द्रता म्हणजे युतीचं सरकार: एकाला खातं दिलं की दुसरा राजीनामा खिशात घेऊन फिरतो.

दुकानदाराने जी पेटी आमच्या गळ्यात मारली, तिचं झाकण जाळीचं. म्हणजे वाफ सोडायची सोय आधीच करून ठेवलेली. मी जाळीवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी मारली. फक्त दिव्याखालची जागा आणि हवा खेळायला थोडी फट सोडली. बायको म्हणाली, “माहेरी पावसाळ्यात आम्ही ताडपत्री घालायचो, ती पाऊस बाहेर राहावा म्हणून.”

बरं, सगळं चिंब करूनही चालत नाही. खालची जमीन कायम ओली राहिली तर पोटाचे खवले सडतात, आणि गार-दमट कोंदटपणात छाती भरते. त्यामुळे पाणी फवारण्यापेक्षा कोपऱ्यांतून तळाशी सोडायचं. खालचा थर ओला, वरचा कोरडा. हा थर नारळाच्या काथ्याच्या भुशाचा. लहानपणी आजोळी हीच सोडणं आम्ही बंबात घालून आंघोळी केल्या. इथे त्याची दाबून केलेली वीट डॉलर मोजून आणतो. बादलीत कोमट पाणी ओतलं की ती फुगत फुगत बादलीबाहेर येते आणि बाथरूमभर तांबडा चोथा होतो. त्या वासाने दोन मिनिटं गुहागर आठवतं. मग बाथरूम पुसायचं.

पेटीबरोबर गोल काट्याचा एक आर्द्रतामापकही फुकट आला होता. तो पहिल्या दिवसापासून 40 दाखवतोय. पाणी मारा, दिवा बंद करा, त्याचं मत बदलत नाही. खात्री करून घ्यायला मिठाचा उपाय असतो: बाटलीच्या बुचात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने नुसतं ओलसर करायचं आणि मापकासकट बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आत आर्द्रता 75 टक्केच होते. डिजिटल मापकाने 74 दाखवले. काटेवाला 40 वर ठाम. मी रात्री मीठ घेऊन सापाच्या खोलीत शिरताना बघून बायकोने विचारलं, “दृष्ट काढताय? मग मोहरी पण घ्या.”

कात टाकायच्या आधी शेषरावांचे डोळे दुधी निळे होतात आणि स्वभाव निवृत्त हेडमास्तरांचा. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग कात निघते. हवा दमट असेल तर नाकापासून शेपटीपर्यंत उलटी होऊन सलग. कोरडी असेल तर तुकड्यातुकड्यांनी, आणि डोळ्यांवरची झापड तशीच चिकटून राहते. म्हणून त्यांना खास ओली खोली लागते. दह्याची मोठी प्लास्टिकची बादली घ्यायची, बाजूला भोक पाडायचं, आत भिजवून पिळलेलं शेवाळ भरायचं. भारतीय घरात दह्याच्या बादल्यांची ददात नसते. सध्या शेषराव ‘फुल क्रीम’ असं लिहिलेल्या बादलीत मुक्कामाला आहेत.

आईचं माहेर बत्तीस शिराळ्याकडचं. व्हिडिओ कॉलवर ती आधी त्यांची चौकशी करते. “महाराजांना गारठा नाही ना लागत? दूध दे हो.” साप दूध पीत नाही हे तिला सांगून झालं, ती म्हणते, तिकडचं दूधच तसं असेल. शेजारच्या काकांनी मागून विचारलं, “एवढे डॉलर कशाला? आपल्या बांधावर फुकट मिळतात की.” आपल्याकडचे साप पाळायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, हे सांगेपर्यंत काका चहाला गेले होते.

आणि ही सेवा किती वर्षं? नीट सांभाळला तर हा प्राणी सहज वीस-तीस वर्षं काढतो. सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 साली, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. तीही कित्येक वर्षं नराचं तोंड न बघता. माझं घराचं कर्ज त्याच्या आधी फिटेल.

बायकोने स्वतःच्या टाचांसाठी ह्युमिडिफायर मागवला होता. तो कोणाच्या खोलीत लागला, हे सांगायला नको. त्याचा परिणाम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिसला. बाहेरच्या खोलीत ‘तिळगूळ घ्या’ म्हणून हाताला हात लागला की ठिणगी उडत होती आणि गोड बोलण्याऐवजी ‘आई गं’ ऐकू येत होतं. काही जणी वाट काढत काढत मुलाच्या खोलीत पोचल्या. “अय्या, इथे किती छान वाटतंय! अगदी पुण्याला गेल्यासारखं.” खुर्च्या आत गेल्या, चहा आत गेला. मी बायकोला खुणा करत होतो, ती वाणाचे डबे मोजत होती.

संध्याकाळ झाली होती, आणि शेषराव संध्याकाळीच उठतात. दह्याच्या बादलीतून त्यांनी सावकाश डोकं बाहेर काढलं, सगळ्या बायकांकडे बघून जीभ हलवली.

खोली रिकामी व्हायला फार वेळ लागला नाही. वाण विसरलं, एकीची चप्पल राहिली. ते सगळं परत पोचवता येईल. पण जाताना दार उघडं टाकून गेल्या, आणि टक्का 42 वर आला.