आज वनपीस? काय विशेष?

लिफ्टचं दार पुरतं मिटायच्या आत प्रश्न आला. "आज वनपीस? काय विशेष?" विचारणारी माझ्या शेजारच्या टेबलावरची. मागे उभे असलेले साहेब मोबाइलमध्ये बघत होते, पण कान इकडेच. मी गोड हसले आणि म्हणाले, "काही नाही गं, सहज."

खरं उत्तर असं होतं की एक पॅन्ट बादलीत भिजत होती, दुसरी दोरीवर ओलीच होती, तिसरीची चेन अर्ध्यावर अडकून बसली होती आणि चौथी मला होत नाही. (चौथी तीन वर्षांपासून होत नाही. ती कपाटात केवळ माझ्या आशावादापायी लटकते.) वनपीस मात्र हातात आला. त्याला इस्त्री लागत नाही. वर काय, खाली काय आणि त्या दोघांचं आपसात पटतंय का, ही बोलणी करावी लागत नाहीत. डोक्यातून घातला की विषय संपला. घराबाहेर पडायला सात मिनिटं उरलेली असताना बाई वनपीस घालते ती एवढ्यासाठी. पण हे लिफ्टमध्ये कोण ऐकून घेणार? लोकांना कारण हवं असतं ते वाढदिवसाचं, नाहीतर संध्याकाळच्या बेताचं, गेलाबाजार मूडचं तरी. धुण्याच्या बादलीला कुणी कारण मानतच नाही.

पॅन्ट घातली म्हणून सुटका होते असंही नाही. "आज मीटिंग वाटतं?" स्कर्ट घातला की, "अगदी कॉलेजात निघाल्यासारखी!" माझ्या नवऱ्याला मात्र लग्नाआधी किंवा नंतर कुणीही "आज पॅन्ट? काय विशेष?" असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

बाईच्या पायांवरच्या कापडात अर्थ शोधायची खोड जुनी आहे. १९३८ साली लॉस एंजेलिसमध्ये हेलन ह्युलिक नावाची एक बालवाडीची शिक्षिका घरफोडीच्या खटल्यात साक्ष द्यायला गेली. पॅन्ट घालून. न्यायाधीशांचं चोरांवरून लक्ष उडालं. फ्रॉक घालून या, म्हणाले. ती पुढच्या तारखेला पुन्हा पॅन्टमध्येच हजर, कारण काय तर पॅन्ट बरी पडते! शेवटी न्यायालयाच्या अवमानाबद्दल पाच दिवसांची कैद ठोठावली आणि तुरुंगात तिला घालायला दिला कैद्यांचा डेनिमचा फ्रॉक. म्हणजे न्यायाधीशांच्या मनासारखं झालं, फक्त गजाआड. वरच्या न्यायालयाने ती शिक्षा पुढे रद्द केली. मला यातली सगळ्यात ओळखीची गोष्ट वाटते ती तिचं कारण. बरी पडते. एवढ्या साध्या उत्तरावर समोरच्याचा विश्वास बसत नाही, हेच खरं दुखणं.

आता बरी पडते म्हणावं, तर पॅन्ट तरी कुठे सगळीकडे बरी पडते?

हल्लीच्या पायघोळ पॅन्ट घ्या. चालताना काय डौल! तो डौल ऑफिसच्या स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत टिकतो. आत फरशी ओली. पाणी कशाचं आहे, हा विचार करायचा नाही असा सर्व बायकांचा आपसातला करार आहे. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळायचे, ते सुटू नयेत म्हणून एका मुठीत धरायचे, दाराचा हुक तुटलेला असल्यामुळे पर्स गळ्यात अडकवायची, कडी नीट लागत नसल्यामुळे दुसऱ्या हाताने दार दाबून धरायचं, आणि मग कंबरेचं बटण काढायला तिसरा हात शोधायचा. अशा वेळी मला वनपीसची जी आठवण येते, ती माहेरचीही येत नाही.

पण वनपीस तरी कुठला साधा? वारा सुटला की दोन्ही हात मांडीला चिकटवून, सावधान स्थितीत रस्ता ओलांडायचा. लोखंडी जाळीचा जिना दिसला की वळसा घालून पलीकडचा धरायचा. बुटका सोफा पुढे आला तर बसण्याआधी मनात भूमिती मांडायची. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, आम्ही घेर पाहून पसरतो. कोरड्या हवेत आतलं अस्तर पायांना असं चिकटतं, की दहा पावलांवर आडोसा गाठून ते सोडवावं लागतं. आणि उन्हाळ्यात मांड्या घासून जी आग होते तिच्याबद्दल जाहिरातीतली ती गिरक्या घेणारी मुलगी चकार शब्द काढत नाही. त्यावर उपाय म्हणून आत सायकलिंगची चड्डी घालायची. म्हणजे वरून स्कर्ट, आतून पॅन्ट! बाहेरच्या जगाला वाटतं आज हिने निवड केली. आत दोन्ही पक्षांचं आघाडी सरकार असतं.

सायकलवरून आठवलं. पॅरिसमध्ये १८०० साली फतवा निघाला होता की बाईला पुरुषी कपडे घालायचे तर पोलिसांची परवानगी काढावी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली: हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पॅन्ट चालेल. म्हणजे जिच्याकडे घोडा नाही, तिने निदान सायकल तरी मिरवावी. हा फतवा आता लागू नाही, असं तिथल्या सरकारने जाहीर केलं ते थेट २०१३ साली. तोवर कुणी पाळत होतं असं नाही, पण मी गेले असते तर सोबत एखादं सुटं हँडल नेलं असतं. उलट टोकही आहेच. १९१० च्या सुमारास घोट्यापाशी इतके घट्ट स्कर्ट निघाले की बायकांना ट्रामची पायरी चढता येईना. न्यूयॉर्कने १९१२ मध्ये बिनपायरीची ट्राम आणली. चालता न येणारा स्कर्ट तसाच राहिला, बदलली ती ट्राम.

माझ्यासाठी ट्राम राहू दे, कुणी खिसा बदलला तरी पुरे. 'द पुडिंग' या संकेतस्थळाने २०१८ साली वीस ब्रँडच्या जीन्स मोजल्या होत्या. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्यापेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद निघाले. आखूड का होईना, खिसा तरी होता! माझ्या कामाच्या पॅन्टला नुसती खिशाची फट आहे, ती दोऱ्याने बंद केलेली. नवीन कपड्यांचे खिसे कधीकधी असे शिवून येतात, दोरा उसवला की आत खिसा असतो, हे मला कुणीतरी सांगितलं. मी एका रविवारी चष्मा लावून, बारीक कात्रीने, एकेक टाका जपून उसवला. फट उघडली. मी कौतुकाने घराच्या किल्ल्या आत टाकल्या. किल्ल्या मांडीवरून, गुडघ्यावरून, पोटरीवरून घरंगळत खाली फरशीवर पडल्या. खिसा नव्हताच. मी स्वतःच्या हाताने पॅन्टला भोक पाडलं होतं.

"मागे पिशवी शिवली असती तर झाला असता की खिसा," नवरा म्हणाला. त्याच्या एकाच पॅन्टमध्ये तेव्हा मोबाइल, पाकीट, रुमाल, गाडीची किल्ली आणि कधीची कोण जाणे एक नट-बोल्टची जोडी होती.

तर वनपीसच्या दुसऱ्या दिवशी मी तीच पॅन्ट घातली. दोरीवरची तेवढीच वाळली होती. उसवलेली फट आतून सेफ्टी पिनेने मिटवली. घाईत जिना चढताना टाचेखाली येऊन पॅन्टची दुमडही उसवली, म्हणून टेबलाखाली वाकून तिला स्टेपलरने दोन पिना मारल्या. मान वर काढते तो साहेब समोर उभे.

"वा," ते म्हणाले, "आज अगदी कामाच्या तयारीने आलेल्या दिसताय."

"हो सर," मी म्हणाले आणि स्टेपलर खिशात ठेवायला गेले.