पेशंट कुठाय?

काल दवाबाजारामागच्या एका गॅसवाल्यानं मी तोंड उघडायच्या आत माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. "९७. घबराओ मत, अंकल." मी घाबरलो नव्हतो. मी खिशात टेप घेऊन सिलिंडर मोजायला गेलो होतो. पण पासष्टीचा माणूस दुपारच्या उन्हात दुकानाची पायरी चढून दम लागलेला दिसला, की तो ग्राहक राहत नाही, केस होतो.

प्रकरण भाच्याचं. तो म्युनिकजवळ असतो आणि दोन मित्रांबरोबर त्यानं एक जुनं ग्लायडर घेतलंय. आल्प्सवरून वारा उतरला की पलीकडे हवेच्या लाटा उठतात, त्यांच्यावर स्वार होऊन ही मंडळी १८-२० हजार फुटांवर जातात. तिथं हवेचा दाब इथल्या निम्मा, म्हणून नाकात ऑक्सिजनची नळी. सीटमागच्या नळकांड्यात १० सेंटीमीटर जाडीचा, ३ लिटरचा सिलिंडर बसतो. तिकडे महाग पडतो. "मामा, इंदूरला काय मिळत नाही!" हे वाक्य इंदूर सोडून गेलेले लोकच म्हणतात.

दुकानातल्या बाकावर एक काका कचोरी खात बसले होते. मी मराठी आहे हे त्यांनी माझ्या हिंदीवरून ओळखलं.

"पेशंट कुठाय?"

"पेशंट नाही. ग्लायडरसाठी हवाय. बिनइंजिनाचं विमान असतं."

कचोरी हवेतच थांबली. "इंजिन नाही, तर वर जातं कसं?"

"दुसरं विमान दोरीनं ओढून नेतं आणि वर सोडून देतं."

"सोडून देतं," काकांनी शब्द चघळले. "आणि मग?"

"मग वर चढणारी हवा शोधायची आणि तिच्यात गोल गोल फिरत राहायचं. घारीसारखं."

"घारीला लागतो का ऑक्सिजन?"

गॅसवाला हसला, त्याचा पोरगा हसला, रिकामा सिलिंडर परत करायला आलेली एक बाईही हसली. मला उत्तर सुचलं रात्री दोन वाजता: घारीला मामा नसतो.

त्या वेळी मात्र मी शास्त्र सांगत बसलो. दहा-बारा हजार फुटांच्या वर माणसाचं डोकं हळूहळू चालेनासं होतं, आणि त्याला स्वतःला वाटत असतं की सगळं झकास चाललंय.

"त्यासाठी एवढं वर कशाला जायचं?" काका म्हणाले. "आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात."

मग ते उठले आणि मला मदत म्हणून एका सिलिंडरची किल्ली फिरवायला गेले. गॅसवाला असा ओरडला की बाई दचकली. "तेल का हाथ मत लगाओ, भिया!" बरोबरच होतं त्याचं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस भेटलं की भडका उडतो. पण इंदुरात तेल न लागलेला हात आणायचा कुठून?

मी टेप काढली. काळं अंग, पांढरी मान, दहा लिटरचा बी-टाइप: १४ सेंटीमीटर. चार सेंटीमीटर जास्त. पोरगा म्हणाला, खरादवर, म्हणजे लेथवर, छिलून देऊ. १५० बार दाबाचं भांडं! काकडी आहे का ती?

शिवाय डॉक्टरची चिठ्ठी हवी, आधार हवं, डिपॉझिट हवं. आणि पुन्हा तेच, पेशंट कुठाय? २०२१च्या एप्रिलमध्ये मी याच गल्लीत पहाटे चारपासून उभा होतो. तेव्हा पेशंट होता, चिठ्ठी होती, आधार होतं, पैसेही होते. सिलिंडर नव्हता. काल ते भिंतीला टेकून ओळीनं उभे होते, अंगावर धूळ घेऊन. त्यांच्याकडे बघून मला जे वाटलं ते काकांना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पुन्हा टेप लावली. पुन्हा १४.

संध्याकाळी भाच्याचा फोन. "सॉरी मामा, राहू दे. तिकडच्या सिलिंडरवर पाय नसतो ना. पाय नसला की इथं कोणी भरून देत नाही."

मला वाटलं, बुडाशी बसवायचं काही असेल. पण हा पाय गणितातला, वर्तुळाच्या परिघातला. युरोपात तपासून पास झालेल्या सिलिंडरवर ती खूण ठोकलेली असते. म्हणजे मला दहा सेंटीमीटरचा सापडला असता तरी उपयोग शून्य! हे त्याला आधी बघता आलं नसतं का? इंटरनेट काय फक्त इंदुरातच आहे?

आज सकाळी सातला फोन वाजला. कचोरीवाले काका. काल निघताना मी त्यांना नंबर का दिला, देव जाणे.

"झालं तुमचं काम," ते म्हणाले. "आमच्या ओळखीचा एक खरादवाला आहे. छिलून देतो म्हणतो. घारीचं माप घेऊन या."