पाणी किती फूट?

सांगलीचा माणूस नदीबद्दल एकच प्रश्न विचारतो. पाणी किती फूट? जुलै-ऑगस्टात आमच्याकडं लोक सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी आयर्विन पुलाची पातळी बघतात. पूल 1929 सालचा. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. हे आकडे आम्हाला नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ असतात. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा कृष्णामाई आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर येऊन तीन दिवस बसली होती. त्यामुळं नदीकडं जायची हौस मला मुळातच कमी. ती येते की घरी.

रबरी बोटीतही मी एकदाच बसलो होतो, त्याच पुरात. बोट एनडीआरएफची, सोबत आई, आईचा देव्हारा आणि शेजाऱ्यांचं मांजर. त्या बोटीचे पैसे पडले नव्हते. म्हणून यंदा एप्रिलमध्ये ऋषिकेशला लेकीनं "बाबा, उद्या रबरी बोटीतून सोळा किलोमीटर जायचंय, बुकिंग झालंय," असं सांगितलं तेव्हा मी आधी आभाळाकडं बघितलं. लख्ख ऊन होतं. मग कशाला?

आमचा बेत साधा होता. घाटावर स्नान, संध्याकाळी आरती, आणि पाच लिटरच्या कॅनमधून गंगाजल. कॅन सांगलीहून नेला होता, कारण तिथं महाग मिळतो असं हिला कुणीतरी सांगितलेलं. लेक गुडगावला नोकरी करते. तिनं या बेतात राफ्टिंग घुसवलं आणि माझ्या मेहुण्यानं त्याला हवा भरली. "दाजी, त्यात काय! मी पुराच्या पाण्यात आयर्विनवरून उडी मारलीय." हा किस्सा मी लग्नापासून ऐकतोय. पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाणी 38 फूट होतं. गेल्या दिवाळीत ते 46 वर गेलं.

मला पोहता येत नाही. सांगलीत जन्मून पोहायला न येणं म्हणजे कोल्हापुरात जन्मून तांबडा रस्सा न झेपण्यासारखं आहे. असतात अशी माणसं. ती सांगत नाहीत.

सकाळी एका टपरीवजा ऑफिसात एक पोरगा आला आणि त्यानं प्रत्येकापुढं एक फॉर्म सरकवला. मी विम्याच्या कचेरीत एकतीस वर्षं काढलीत. लोकांनी न वाचता केलेल्या सह्यांवर माझं घर उभं आहे. तेव्हा मी चष्मा लावून वाचायला बसलो. एका पानात 'मृत्यू' हा शब्द तीन वेळा, 'इजा' पाच वेळा आणि 'आम्ही जबाबदार नाही' हे तर प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी, आरतीतल्या धृपदासारखं. आजारांच्या रकान्यात मी आम्लपित्त, काठावरचा रक्तदाब, डाव्या गुडघ्याची कुरकुर आणि 1994 सालचा हर्निया असं सगळं प्रामाणिकपणे भरलं. कुठंतरी नाकारतील अशी आशा होती. पोरानं कागद उलटासुद्धा केला नाही. "सब चलता है, अंकल जी." इतक्या सहजपणे मंजूर झालेला प्रस्ताव मी सबंध नोकरीत पाहिला नाही.

जीपच्या टपावर बोट पालथी घालून आम्ही शिवपुरीला निघालो. रस्ता डोंगराच्या कडेनं वर, गंगा खाली. हिरवं, देखणं पाणी आणि मध्येच पांढरे पट्टे.

"वो साबण का फेस है क्या?" मी विचारलं.

"रॅपिड है, अंकल."

आमचा गाइड म्हणजे चोविशीचा, काटक गढवाली मुलगा. काठावर उतरल्यावर मी त्याला बाजूला घेऊन सांगलीचा प्रश्न विचारला. "पानी कितना फूट है?"

"बहुत है."

"बहुत यानी?"

"टिहरी से छोड़ते हैं ना, सर. सुबह अलग, शाम को अलग."

"कितना क्युसेक?"

"क्या सेक?"

मी नाद सोडला. भागीरथीवर टिहरीचं धरण, ती देवप्रयागला अलकनंदेला मिळते आणि तिथून पुढं तिचं नाव गंगा. वर वीज तयार करायची जनित्रं जशी चालतील तशी इथली पातळी वरखाली होते. म्हणजे इथंही वर धरण आणि खाली आपण. कोयनेच्या खाली राहणाऱ्याला हे नातं समजावून सांगावं लागत नाही.

मग धडे झाले. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यानं असे आवळले की सकाळचा आलू पराठा परत वर येऊन बघून गेला. हेल्मेट घातलं. चष्मा पडू नये म्हणून लेकीनं त्याला माझ्याच पायजम्याची नाडी बांधली. वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात कधीही सोडायचा नाही, सोडला तर ती शेजाऱ्याचे दात पाडते. बसायचं बोटीच्या आत नव्हे, काठावरच्या फुगीर नळीवर, आणि पाय आतल्या नळीखाली खुपसायचे. पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढं, नजर आभाळाकडं. खडक आला तर पायानं ढकलायचा. घोरण्यामुळं डॉक्टरांनी मला उताणं झोपायला बंदी घातलीय, हे मी सांगणार होतो, पण तोवर बोट पाण्यात गेली होती.

बोटीत आम्ही चौघं आणि दिल्लीची चार पोरं. मागं गाइड. शेजारून एका छोट्या कयाकमध्ये आणखी एक मुलगा. तो कशासाठी, विचारल्यावर गाइड म्हणाला, "वो उठाने के लिए." कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

इथल्या प्रत्येक खळाळाला नाव आहे. पहिल्याचं नाव 'रिटर्न टू सेंडर'. आमच्या खात्यात याचा अर्थ एकच, पत्ता चुकला. मला एकदम हिलरी आठवले. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी 1977 साली जेट बोटी घेऊन गंगासागरहून निघाले, थेट प्रवाहाच्या उलट. ऋषिकेश ओलांडलं, देवप्रयाग ओलांडलं, आणि नंदप्रयागच्या जवळ एका धबधब्यानं त्यांच्या बोटी थांबवल्या. पुढं ते पायी गेले. ज्या माणसाला एव्हरेस्टनं अडवलं नाही त्याला या नदीनं बोटीतून उतरवलं. आणि मी? मी तर अजून कोल्हापूरच्या जोतिबालासुद्धा पायऱ्या मोजत चढतो.

"फॉरवर्ड!" गाइड ओरडला.

घाबरल्यावर माणूस जीव मुठीत धरतो. पण मुठीत आधीच वल्हं होतं. पात्र अरुंद झालं, पाण्याला उतार लागला. तळाशी खडक असतो, पाणी त्याच्यावरून चढतं आणि पलीकडं कोसळताना खड्डा पडतो, ही सगळी माहिती मला गाइडनं मिनिटभरापूर्वी दिलेली. खड्डा प्रत्यक्ष दिसला तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही. बोटीचं नाक खाली गेलं, समोर पाण्याची एक हिरवी भिंत उभी राहिली, आणि ती माझ्या अंगावर अशी बसली, जशी घागर कुणीतरी रागानं रिकामी करावी. बर्फाचं पाणी. माझ्या तोंडचं पाणी सकाळपासून पळालेलं होतंच. गंगेनं ते एका झटक्यात भरून दिलं, नाकातून.

डोळे उघडले तेव्हा दिल्लीची पोरं "हर हर गंगे" ओरडत होती. मी अजून नळीवर होतो. माझं वल्हं हवा मारत होतं.

पुढं 'रोलर कोस्टर'. त्याच्याबद्दल मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. फक्त एवढं आठवतं, की एका क्षणी माझी बैठक आणि बोट यांच्यात बऱ्यापैकी अंतर होतं आणि त्या अंतरातून वारा जात होता.

मग 'गोल्फ कोर्स'. "वहाँ बहुत सारे होल हैं," गाइडनं समजावलं. म्हणजे खड्डे. हे ऐकून मला जरा धीर आला. खड्ड्यांची सवय असलेली माणसं आम्ही. इथं गाइडनं मध्येच "गेट डाउन!" अशी आज्ञा दिली. याचा अर्थ नळीवरून घसरून बोटीच्या तळाशी बसायचं. आम्ही बसलो, खड्डे गेले, पुन्हा वर आलो. मेहुणा आला नाही. आयर्विनवरून 46 फुटांत उडी मारणारा माणूस बोटीच्या तळातल्या पाण्यात, दोरीला मिठी मारून बसला होता. "दाजी, कंबर धरलीय," एवढंच बोलला. 'गेट डाउन' ही आज्ञा त्यानं शेवटपर्यंत पाळली.

आणि मग एकाएकी सगळं शांत. पाणी सपाट, दोन्ही बाजूंना डोंगर, काठावर पांढरी वाळू. मी निःश्वास टाकतोय तोच गाइड म्हणाला, "चलो, अब सब पानी में कूदो."

मला वाटलं, बोट फुटली. तसं काही नव्हतं. याला 'बॉडी सर्फिंग' म्हणतात. लाइफ जॅकेट असतंच, बोटीची दोरी धरायची आणि तरंगत जायचं. पैसे देऊन पुरात वाहून जायची सोय. दिल्लीची पोरं धपाधप गेली. लेक गेली. मी मेहुण्याशेजारी तळात जागा शोधत होतो, तेवढ्यात हिनं ओढणी कमरेला खोचली.

"तू कुठं?"

"घाटावर गर्दी असते हो. इथंच स्नान उरकून घेते."

आणि गेली! सत्तावीस वर्षांच्या संसारात जिनं कधी गॅसचं बटण दोनदा तपासल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही, ती बाई गंगेत. वर आली, नाकातलं पाणी शिंकरलं, हात जोडले, काहीतरी पुटपुटली, आणि पाण्यातूनच म्हणाली, "अहो, या. नुसते बघत काय बसलाय? आणि तो कॅन द्या."

कॅन हॉटेलवर होता. आता माझ्याकडं सबब उरली नव्हती.

मी उडी मारली असं लेक सांगते. प्रत्यक्षात मी नळीवरून गोणीसारखा कलंडलो. थंडीनं छाती आखडली. पाय खाली गेले, तळ शोधू लागले. तळ नव्हता. जॅकेट कानांपर्यंत वर आलं, डोकं मागं टेकलं, कान पाण्याखाली गेले आणि बाहेरचा सगळा गलका थांबला. तिथं आत एक आवाज होता. बारीक, सारखा, कुणीतरी दूर सुपात तांदूळ घोळवत असावं तसा. नंतर गाइडला विचारलं तर म्हणाला, रेती आहे, तळाशी चालत असते. हिमालय घोळवून खाली नेण्याचं काम. इतकी वर्षं नदी घरी येऊन बसली, पण तिचं बोलणं मी कधी असं कान लावून ऐकलं नव्हतं. तेव्हा कान जिन्याच्या पायऱ्या मोजण्यात गुंतलेले असत.

बोटीत परत घेताना मात्र सगळा काव्यभाव गेला. जॅकेटच्या खांद्याचे पट्टे धरून दोघांनी मला ओढलं आणि मी पोटावर, पाय वर, तोंड थेट मेहुण्याच्या मांडीवर असा दाखल झालो. "गंगेत घोडं न्हालं म्हणायचं," तो म्हणाला. तळातून बोलत होता तरी.

पुढचे खळाळ लहान होते, किंवा मी भिजायला आता बाकी नव्हतो. 1930 सालचा, आता बंद असलेला लक्ष्मणझुला डोक्यावरून गेला. आमच्या आयर्विनच्याच वयाचा म्हणायचा. त्याच्याकडं बघताना नजर सवयीनं खांबांवर पातळीचे आकडे शोधत होती. झुलत्या पुलाला पात्रात खांब नसतात, हे जरा उशिरा लक्षात आलं.

काठावर उतरलो. पाय थरथरत होते ते थंडीनं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मेहुणा एव्हाना दिल्लीच्या पोरांना आयर्विनचा किस्सा सांगत होता, हिंदीत. पाणी 50 फुटांवर गेलं होतं.

तेवढ्यात कोरड्या पिशवीतला फोन वाजला. आई. वय ब्याऐंशी. लेकीनं तिला आधीच फोटो पाठवले होते.

"बोटीत बसलास म्हणे?"

"हो."

"पाणी किती फूट होतं?"

मी गाइडकडं बघितलं. तो बोटीतली हवा सोडत होता. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

"पंचेचाळीसच्या वर असेल, आई."

पलीकडं क्षणभर काही नाही. मग म्हणाली, "मग वरच्या मजल्यावर जायचं सोडून पाण्यात कशाला उतरलास?"